पिवळी मारबत लिंबू सरबत, काळी मारबत राखाडी : मोबाइलवर रंग आणि उजेड जमवायचा कसा?

बुधवारीतला_बाबू | रात्री ९:१२

राम राम मंडळी.

काल आमच्या नागपुरात मारबत झाली, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या अन् पिवळ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. दरवर्षी इतवारीत नुसते धक्के खायला जातो, यंदा ठरवलं की शूट करायचं. जागनाथ बुधवारीतून पिवळी निघाली तेव्हापासून नेहरू पुतळ्याजवळ तिची अन् काळीची भेट झाली तोवर ४४ क्लिपा निघाल्या. अर्ध्या माझ्या अँड्रॉइडवर, अर्ध्या मावसभावाच्या आयफोनवर. चार मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे, घरच्यांसाठी. आजीला यंदा गुडघ्यामुळे जाता आलं नाही, तिला दाखवायचा आहे.

आता रडगाणं ऐका.

पिवळी मारबत लिंबू सरबतासारखी दिसून राहिली. अंगावरच्या चुण्या, रंगवलेले दागिने, काही म्हणजे काही दिसत नाही. काळी तर काळीच नाही, चार पावसाळे पाहिलेल्या छत्रीसारखी राखाडी. एक्स्पोजर कमी केलं की खालची पब्लिक अंधारात जाते, वाढवलं की आभाळ पांढरंफेक. भावाच्या आयफोनच्या क्लिपा माझ्या क्लिपांशेजारी ठेवल्या तं वाटते कोणी हॅलोजन मारला.

अन् सगळ्यात मोठा वैताग. काल रात्री दोन तास बसून रंग जमवले, झकास दिसत होतं. आज सकाळी चहा पिता पिता पाहिलं तं सगळ्यांचे चेहरे निळसर, जणू पुसाच्या थंडीत कुडकुडून राहिले. भर भादव्यात!

व्हीएन नावाचं एडिटिंग ॲप वापरतो. 'सिनेमॅटिक' नावाचं एक फिल्टर लावलं होतं, शंभर टक्के. हसू नका.

तर्रीबाज | रात्री ९:२०

शंभर टक्के? आम्ही पोह्यावर तर्रीबी एवढी नाही घेत बावा. काढ ते पहिले.

मूळचा_महालचा | रात्री ९:३१

पुण्यात बसून वाचतोय. ४४ क्लिपा टाक रे इथेच, रंगाचं नंतर बघू. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' कानावर पडून सहा वर्षं झाली.

लगीनसराई | रात्री ९:४८

बाबू, तुझ्या व्हिडिओला तीन वेगवेगळे आजार आहेत अन् तू सगळ्यांना एकच गोळी देऊन राहिला. मी लग्नाचं शूटिंग करतो, वीसेक वर्षं झाली. कॅसेटच्या काळापासून हळदीतल्या पिवळ्याशी माझं भांडण आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

आधी काळीचं. फोनच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला मारबत कळत नाही. समोर जे दिसेल ते सरासरी मध्यम राखाडी उजेडाचं असावं, एवढीच त्याची समजूत. नवे फोन चेहरे ओळखून थोडं सांभाळून घेतात, पण काळ्या मारबतीला फोन काही माणूस मानत नाही. ती फ्रेमभर आली की त्याला वाटते अंधार पडला. तो उजेड वाढवते. काळ्याचं राखाडी होते अन् मागचं आभाळ जळते. ही चूक मात्र एडिटिंगमध्ये बरीचशी निघते, कारण काळ्यात माहिती जास्तच आली आहे, कमी नाही. एक्स्पोजर थोडं खाली, शॅडोज, म्हणजे अंधारे भाग, आणखी थोडे खाली. बस.

पिवळीचं दुखणं मोठं आहे. आपल्याला पिवळं हा एक रंग वाटतो. कॅमेऱ्यासाठी तो लाल अधिक हिरवा, निळा जवळपास नाहीच. साध्या ८ बिट व्हिडिओत या तिन्ही रंगांना प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात, ० ते २५५. भर उन्हात पिवळं आलं की लाल वर जाऊन २५५ ला टेकते, त्याच्यामागून हिरवा. एकदा टेकला की चुणीची उन्हाकडची बाजूही २५५ अन् सावलीकडची बाजूही २५५. दोन्हींत फरकच राहिला नाही तं चुणी दिसणार कुठून? आता तू एक्स्पोजर खाली ओढून राहिला. २५५ चे २०० होतीलही, पण सगळेच्या सगळे २०० होतील. पिवळा चट्टा होता, मळका पिवळा चट्टा झाला.

तर्रीबाज | रात्री ९:५३

म्हणजे प्लेटीतून सांडलेली तर्री पोह्यावर परत येत नाही.

लगीनसराई | रात्री १०:०५

येत नाही. पण प्लेटीत किती राहिली ते तं पाहता येते. बाबू, एक कर. पिवळीच्या एका क्लिपवर जा, हायलाइट्सची, म्हणजे उजळ भागांची, पट्टी पार खालच्या टोकाला ओढ. असंच ठेवायचं नाही, फक्त तपासायचं. चुण्या कुठे कुठे उगवल्या तं क्लिप जिवंत आहे. काहीच हललं नाही तं ती क्लिप दोन सेकंदांच्या वर वापरू नको.

बुधवारीतला_बाबू | रात्री १०:२१

काका, केलं. पिवळीच्या ११ क्लिपांपैकी ७ मध्ये चुण्या आल्या! ढग आले होते तेव्हाच्या सगळ्या जिवंत आहेत. उन्हातल्या चार मेल्या. अन् काळी तं तुम्ही म्हणाल्याप्रमाणे सरळ काळी झाली. एक्स्पोजर अन् ब्राइटनेस यात फरक काय पण? मले दोन्ही सारखेच वाटतात.

लगीनसराई | रात्री १०:३०

प्रत्येक ॲपचं गणित वेगळं, म्हणून आकडे विचारू नको. माझा उणे २० अन् तुझा उणे २० एक नाही. ढोबळमानानं एक्स्पोजर म्हणजे शूट करतानाच उजेड कमीजास्त केल्यासारखं, उजळ भागावर त्याचा जोर जास्त. ब्राइटनेस बऱ्याच ठिकाणी मधल्या छटा उचलते किंवा सगळं चित्रच एकसारखं वर सरकवते, म्हणून काळ्यावर धूर आल्यासारखा दिसते. मी ब्राइटनेसला हात लावत नाही.

माझा क्रम सांगतो. फिल्टर बंद. मग एक्स्पोजर चेहऱ्यांकडे पाहून लावायचं, मारबतीकडे पाहून नाही. मारबत हायलाइट्स अन् शॅडोजनं सांभाळायची. उजेड बसला की टेम्परेचर (रंगाची ऊब-थंडी), मग टिंट (हिरवट-जांभळटपणा). सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) अगदी शेवटी, अन् शक्यतो नाहीच, कारण कॉन्ट्रास्ट वाढवला की रंग आपोआप गडद होतात. लोक सुरुवातच सॅच्युरेशनपासून करतात अन् मग नवरीच्या हाताची मेंदी भाजल्यासारखी दिसते.

जरीकाठ | रात्री १०:४४

काकांच्या क्रमाला हात जोडून अनुमोदन. मी साड्यांचा धंदा करते, रोज दोन-तीन रील्स मोबाइलवरच बनतात. रंग चुकला की माझं पार्सल परत येतं, त्यामुळे हौस म्हणून नाही, पोटासाठी शिकले. एकदा मोतिया रंगाची पैठणी व्हिडिओत पांढरीशुभ्र दिसली. बाईंनी मुलीच्या गृहप्रवेशासाठी मागवली, उघडली आणि फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाबूभाऊ, तुमच्या निळ्या चेहऱ्यांबद्दल एकच प्रश्न. काल रात्री एडिट करत होता तेव्हा फोनचा 'आय कम्फर्ट' किंवा 'नाईट लाइट', जे काही तुमच्याकडे म्हणतात ते, चालू होतं का?

बुधवारीतला_बाबू | रात्री १०:४९

हाव ताई. दहा वाजता आपोआप लागते.

…

अरे देवा.

तर्रीबाज | रात्री १०:५०

😂😂😂 पिवळा चष्मा लावून पिवळा रंग कमी करून राहिला होता भाऊ!

जरीकाठ | रात्री १०:५८

हसू नका, मी हे सहा महिने केलंय. स्क्रीनच पिवळट असते, आपल्याला वाटतं व्हिडिओ पिवळट आहे, आपण टेम्परेचर निळ्याकडे ढकलतो. सकाळी स्क्रीन खरी होते आणि निळेपणा उघडा पडतो. आयफोनवर हेच नाईट शिफ्ट आणि ट्रू टोन. एडिटच्या आधी दोन्ही बंद. ऑटो ब्राइटनेसही बंद, नाहीतर ट्यूबलाइटखालून गॅलरीत गेलात की स्क्रीन बदलते आणि हात आपोआप पट्टीकडे जातो. सॅमसंगवाल्यांनी डिस्प्लेत 'व्हिविड' ऐवजी 'नॅचरल' घ्यावं. व्हिविडवर सगळंच छान दिसतं, तेच वाईट.

माझी दुसरी सवय: प्रत्येक साडीच्या आधी दोन सेकंद कोरा पांढरा कागद धरते, साडी जिथे आहे त्याच उजेडात. ते दोन सेकंद नंतर कापून टाकते. पण एडिट करताना आधी तो कागद पांढरा करायचा. निळसर दिसला तर टेम्परेचर उबेकडे, हिरवट दिसला तर टिंट जांभळटाकडे. कागद पांढरा झाला की तीच सेटिंग पुढच्या साडीला. डोळ्याला विचारायचंच नाही, डोळा पाच मिनिटांत कशालाही सरावतो. फक्त कागद खूप पांढराफटक घेऊ नका, काही कागद मुद्दाम निळसर केलेले असतात. मी वहीचं साधं पान वापरते.

बुधवारीतला_बाबू | रात्री ११:०३

मारबतीत कागद कुठून आणू? तिथे हात वर करायला जागा नव्हती.

जरीकाठ | रात्री ११:०७

कागद नाही तर गर्दीतला एखादा पांढरा सदरा शोधा. मारबतीत पांढऱ्या सदऱ्यांची कमी आहे का? सावलीतला नको, मारबतीवर जो उजेड पडलाय त्याच उजेडातला.

शून्य_मैल | रात्री ११:२६

आयफोनचा मुद्दा कोणी घेतला नाही, म्हणून मी.

बाबू, तुझ्या भावाकडे आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल, तर त्याचा व्हिडिओ मुळात एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराची जास्त मोठी रेंज धरून, रेकॉर्ड होतो. २०२० पासून ॲपलने डॉल्बी व्हिजन एचडीआर दिलंय आणि ते आधीपासून चालूच असतं. तो १० बिट असतो, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या. पायऱ्या जास्त ही चांगलीच गोष्ट. पण तुझ्या अँड्रॉइडचा व्हिडिओ साधा एसडीआर, म्हणजे नेहमीच्या रेंजचा आहे. दोन्ही एकाच टाइमलाइनवर आले की ॲपला कोणाचं ऐकावं कळत नाही. काही ॲप नीट रूपांतर करतात, काही नुसतं ओरबाडून घेतात, मग एकतर हॅलोजन नाहीतर धुतल्यासारखा फिकेपणा. पट्ट्या ओढून ते जमवायचा प्रयत्न करू नकोस, वेळ वाया जाईल. भावाला सांग, त्याच्याच फोनवर त्या क्लिपा एसडीआरमध्ये एक्स्पोर्ट करून दे. आणि पुढच्या वेळी सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे एचडीआर व्हिडिओ बंद.

भावाने तुला क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यात का? तसं असेल तर वरचं सगळं विसर. आधी मूळ फायली घे.

बुधवारीतला_बाबू | रात्री ११:३३

…व्हॉट्सअ‍ॅपवर.

शून्य_मैल | रात्री ११:३५

वाटलंच. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून बारीक करतो. सगळ्यात आधी जातात त्या अंधाऱ्या भागातल्या बारीक छटा. तू काळीचे शॅडोज थोडे जरी उचललेस तरी चौकोन चौकोन दिसतील. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, नाहीतर केबल लाव.

मूळचा_महालचा | रात्री ११:४१

माझं एक वेगळं मत. पिवळी मारबत काय प्रत्यक्षात तरी इतकी पिवळीधम्मक असते का? हल्ली सगळ्यांच्या रील्समध्ये ती इतकी चकाकते की हायवेवरचा बोर्ड वाटते. लहानपणी पाहिलेली पिवळी मला थोडी गेरूकडे झुकलेली आठवते. आठवणीतला रंग पकडायचा की कालचा?

लगीनसराई | सकाळी ७:१५

कालचा. आठवणीतला रंग पकडायला गेलं की सगळ्यांचेच व्हिडिओ केशरी होतात, जिकडेतिकडे तेच चालू आहे. पण तुझं निम्मं बरोबर आहे. लाल अन् हिरवा दोन्ही वर जाऊन टेकले की पिवळं लिंबाकडे सरकते, कारण लालाची थोडी आघाडी होती ती दोघे टेकल्यावर संपून जाते. तुला आठवते तो गेरूकडचा झुकाव म्हणजे ती आघाडीच. एचएसएलमध्ये, म्हणजे जिथे एकेक रंग वेगळा हलवता येते तिथे, फक्त पिवळा निवडून ह्यू (छटा) केशरीकडे जरासा, अगदी केसभर, अन् पिवळ्याचा ल्युमिनन्स (उजळपणा) थोडा खाली. जिवंत क्लिपांमध्ये चुण्या आणखी उठतील.

यात एक खड्डा आहे. आपल्या लोकांच्या चेहऱ्याचा रंग केशरी-पिवळ्यातच बसते. पिवळा जास्त खेचला की मारबतीसोबत अख्खी पब्लिक बदलते. म्हणून एचएसएल हलवताना नजर मारबतीवर नाही, तिच्या शेजारी उभ्या माणसाच्या गालावर ठेवायची.

बुधवारीतला_बाबू | सकाळी ८:०२

काका, हे गालाचं वाक्य मी फोनच्या वॉलपेपरवर लिहून ठेवणार.

आता एक क्लिप आहे, १७ नंबरची. सगळ्यात भारी तीच आहे. पिवळी अगदी अंगावर येते, मग मी फोन फिरवून गर्दी घेतली. पण फिरवला की दोन सेकंद लोक निळे, मग हळूहळू नीट होतात. हे कोणत्या पट्टीनं जाईल?

शून्य_मैल | सकाळी ८:२०

ऑटो व्हाइट बॅलन्स. फ्रेम पिवळ्याने भरली, फोनला वाटलं उजेडच पिवळा आहे, त्याने निळा मिसळला. तू फोन फिरवलास, निळा तसाच राहिला, मग त्याला चूक कळली. एका पट्टीने जाणार नाही, कारण चूक सरकती आहे. क्लिपचे तीन तुकडे कर: मारबत, बदलाचे दोन सेकंद, आणि नंतरचं. पहिल्याला उबेकडे ने, तिसरा तसाच ठेव. मधल्यासाठी कीफ्रेम (क्लिप चालू असताना सेटिंग हळूहळू बदलायची सोय) मिळत असेल तर सुरुवातीला टेम्परेचर वर आणि शेवटी शून्य. नसेल तर मधले दोन सेकंद उडव, तिथे ढोल वाजवणाऱ्याचा क्लोजअप टाक, आवाज मूळचाच चालू ठेव. कोणाला कळणार नाही.

लगीनसराई | सकाळी ८:३१

कीफ्रेमच्या भानगडीत पडू नको, ढोलवाला टाक. लग्नात मी वीस वर्षं हेच करून राहिलो. रंग बिघडला की कट टू सनईवाला.

जरीकाठ | सकाळी ८:४०

😄 म्हणजे प्रत्येक लग्नाच्या व्हिडिओत सनईवाला एवढा का दिसतो ते आज कळलं.

तर्रीबाज | सकाळी ९:०५

एक आडवा प्रश्न. तीन दिवसांत गणपती बसतात. मंडळाची एलईडीची माळ शूट केली की पट्टे फिरतात. हे कोणत्या आजारात येते काका?

शून्य_मैल | सकाळी ९:१८

हे एडिटिंगमध्ये जात नाही, शूटमध्येच सांभाळावं लागतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. कॅमेऱ्यात प्रो मोड (सेटिंग हाताने ठरवायची सोय) असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर बांधून टाक, बहुतेक पट्टे जातील. एखाद्या स्वस्त माळेचा लुकलुकण्याचा वेग स्वतःचाच असतो, तिथे शटर पुढेमागे करून बघावं लागतं.

आणि बाबू, पुढच्या वर्षासाठी: ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं ॲप फुकट आहे, आयफोनवर २०२३ ला आलं, अँड्रॉइडवर २०२४ ला, मात्र सगळ्या अँड्रॉइड फोनवर चालत नाही. त्यात झेब्रा दिसतो, म्हणजे जिथे उजेड सांडतोय तिथे पट्टे. पिवळीवर पट्टे आले की एक्स्पोजर खाली. नसेल ते ॲप, तर साध्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर बोट दाबून धर, एक्स्पोजर-फोकस लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढ. व्हाइट बॅलन्सही प्रो मोडमध्ये लॉक करता येतो. १७ नंबर झालीच नसती.

लगीनसराई | सकाळी ९:३०

लॉकचं खरं आहे, पण भादव्यातलं ऊन दर मिनिटाला ढगाआड जाते. लॉक करून विसरला की दहा मिनिटं अंधार शूट करत फिरशील. ढग बदलला की लॉक बदल. मे महिन्यात बरं, नागपुरात ऊन बदलतच नाही. २६ मेच्या आसपास दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला तं सूर्य बरोबर डोक्यावर अन् सावलीच गायब. तेव्हा लग्नातल्या पाहुण्यांचे डोळे म्हणजे दोन खड्डे दिसतात. शॅडोज कितीही उचला.

बुधवारीतला_बाबू | रात्री ९:५५

झाला मंडळी!

भावाकडून मूळ फायली केबलनं आणल्या, त्याच्याच फोनवर एसडीआर करून. 'सिनेमॅटिक' हद्दपार. आय कम्फर्ट बंद, ब्राइटनेस मधोमध. पांढऱ्या सदऱ्यासाठी एक काका सापडले, ते बिचारे १४ क्लिपांमध्ये आहेत, त्यांच्या सदऱ्यावरच सगळं टेम्परेचर बसवलं. आधी एक क्लिप पक्की केली, भेटीची, मग बाकीच्या एकेक तिच्या शेजारी ठेवून जुळवल्या. काळीला मी पहिले पार कोळसा करून टाकलं होतं, मग लक्षात आलं की तिच्या अंगावर तेलकट चमक होती, ती गेली तं नुसती पोकळी दिसते. शॅडोज अर्धे परत आणले. पिवळीच्या मेलेल्या चारपैकी तीन टाकून दिल्या. १७ नंबरला ढोलवाला लावला.

एकूण तीन मिनिटं पन्नास सेकंद. ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाकला.

मूळचा_महालचा | रात्री १०:१०

पाहिला. दोनदा. पिवळीचा रंग… हो, हाच. माझं गेरूचं म्हणणं मागे घेतो.

जरीकाठ | रात्री १०:१४

छान! १:२० ला उजवीकडचे चेहरे अजून किंचित हिरवट आहेत, टिंट एक-दोन घर जांभळटाकडे. बाकी पार्सल परत येणार नाही. आजी काय म्हणाल्या?

बुधवारीतला_बाबू | रात्री १०:२६

आजीनं टीव्हीवर लावून पाहिला. म्हणे, "काळी बरोबर आहे. पिवळीबी बरोबर आहे. पण हा पांढऱ्या सदऱ्याचा माणूस दरवर्षी माझ्याच समोर उभा राहते, मले काही दिसू देत नाही."

तर्रीबाज | रात्री १०:२८

त्याचे शॅडोज खाली घे.